रात्री उशिरापर्यंत नाचायला पबमध्ये जाताना: विद्यार्थ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पबमध्ये मुख्यतः नाचायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हे पान आहे. पबमधली रात्र बिघडते ती बहुतेक वेळा पहिल्या दीड तासातच: उपाशी पोट, भराभर रिचवलेले शॉट्स, पायात नवे बूट, आणि परत कसं जायचं हे कोणीच ठरवलेलं नाही. नाचाला रंग चढतो तो मात्र मध्यरात्रीच्या आसपास. तोपर्यंत पाय, कान आणि डोकं तिन्ही शाबूत राहायला हवं, आणि खालची सगळी उत्तरं त्याच हिशेबाने दिली आहेत.

किती वाजता पोहोचावं?

बंद होण्याच्या वेळेपासून उलटं मोजा. शेवटच्या अडीच-तीन तासांत फ्लोअर भरतो, त्यातला मधला तास-दीड तास सर्वांत जोरात असतो. डीजेही तसाच बेत आखतो. सुरुवातीला १०० ते ११५ बीपीएमची (म्हणजे मिनिटाला तेवढ्या ठोक्यांची) सैलसर गाणी, मग हाउस या इलेक्ट्रॉनिक नाच-संगीताच्या १२० ते १२८ बीपीएमपर्यंत चढत जाणं, आणि शेवटी सगळ्यांना तोंडपाठ असलेली गाणी. त्यामुळे बंद होण्याआधी साधारण चार तास पोहोचलात तर बसायला जागा मिळते, कानाला त्रास न होता बोलता येतं, रांग टळते आणि प्रवेशाचा दरही बऱ्याच ठिकाणी कमी असतो. शेवटच्या तासाभरात पोहोचलात तर पैसे पूर्ण जातात आणि नाच निम्माच मिळतो.

ग्रुप केवढा असावा? निघण्याआधी काय ठरवायचं?

चार ते सहा जण सोयीचे. आठाच्या वर गेलात की घोळका फुटतो आणि अर्धी रात्र एकमेकांना शोधण्यात जाते. मोठा ग्रुप असेलच तर दोघादोघांच्या जोड्या लावा, आणि जोडीदार कुठे आहे हे ज्याचं त्याला माहीत असायला हवं.

घरातून निघण्यापूर्वी ठरवायच्या गोष्टी फार नाहीत. चुकामूक झाली तर भेटायची जागा कोणती (कोट-पिशव्या ठेवायच्या क्लोकरूमसमोर किंवा दाराबाहेरच्या एखाद्या ठरलेल्या खुणेपाशी, ‘बारजवळ’ म्हणू नका, तिथे सगळंच गाव असतं). परत कसं जायचं आणि शेवटची गाडी किती वाजता. आज कोण अजिबात पिणार नाही. फोनची बॅटरी पूर्ण भरलेली हवी, आणि एखाद्या जवळच्या माणसाचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा, कारण फोन बंद पडला की आजकाल कोणालाच कोणाचा नंबर आठवत नाही.

दारात कोणती ओळखपत्रं चालतात?

फोटो आणि जन्मतारीख असलेलं सरकारी ओळखपत्र. कॉलेजच्या कार्डावर विद्यार्थी सवलत मिळू शकते, पण वय सिद्ध होत नाही, तेव्हा दोन्ही जवळ ठेवा. मोबाइलमधला फोटो बरेच पब मानत नाहीत. पिण्याचं कायदेशीर वय देशागणिक, काही देशांत राज्यागणिकही बदलतं: अमेरिकेत २१, युरोपातल्या बऱ्याच देशांत १८. मित्राचं कार्ड दाखवून आत शिरण्याचा प्रयत्न करू नका. तो गुन्हा ठरू शकतो, आणि ज्याचं कार्ड आहे तोही अडकतो.

बाउन्सरने नाही म्हटलं तर दारात वाद घालण्यात अर्थ नाही. ग्रुपमधल्या सर्वांत शुद्धीवर असलेल्या एकानेच शांतपणे कारण विचारावं. पाचजण एकदम बोलायला लागले की जो आत जाऊ शकला असता त्यालाही नकार मिळतो.

पायात काय घालावं?

पुढून बंद, मागून टाचेला धरून ठेवणारे, आधीच पायाला सरावलेले बूट. फ्लोअरवर सांडलेलं पेय आणि फुटलेल्या काचा ही नेहमीची बाब आहे, म्हणून चपला आणि उघडे सँडल नकोत. तळवा रबराचा फार पकड घेणारा असेल तर गिरकी घेताना पाऊल जमिनीला चिकटून राहतं आणि गुडघ्याला पीळ बसतो. अगदी गुळगुळीत असेल तर ओल्या फरशीवर घसरतो. मध्यम पकडीचे साधे स्निकर्स उत्तम. उंच टाचांचे बूट घालायचेच असतील तर रुंद टाचेचे निवडा. टाचेवर फोड येण्याआधीच, म्हणजे घरीच, तिथे चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर लावलेली पट्टी घामाने अर्ध्या तासात सुटते.

पब चांगला आहे हे आत गेल्यावर कसं ओळखायचं?

सजावट बाजूला ठेवा. बारवर साधं पाणी मागा. कटकट न करता, फुकट आणि लगेच मिळालं तर ती जागा नाचणाऱ्यांची काळजी घेते. मग बाहेर पडायचे दरवाजे बघा: त्यांवर उजेडातली पाटी आहे का, समोर खुर्च्या-खोकी रचली आहेत का, दाराला कुलूप किंवा साखळी तर नाही ना. कुलूप दिसलं तर तिथे थांबू नका. आमच्या मते ही एकच अट अशी आहे जिच्यात तडजोड नाही.

त्यानंतर फ्लोअर. लाकडी फ्लोअर काँक्रीट किंवा फरशीपेक्षा गुडघ्यांना खूपच बरा. सांडलेलं पाच-दहा मिनिटांत कोणी पुसतंय का? मोकळेपणाने नाचायला माणशी साधारण अर्धा चौरस मीटर लागतो, म्हणजे कोपर थोडी बाहेर काढून फिरता आलं पाहिजे. हात वर केल्यावर पुन्हा खाली घ्यायला जागा उरत नसेल तर पबने मर्यादेपेक्षा जास्त माणसं घेतली आहेत.

आवाजाचीही पारख करता येते. चांगल्या ध्वनियंत्रणेत बास छातीत जाणवतो पण कानात काही टोचत नाही. तारस्वर करकरत असतील तर स्पीकर क्षमतेपलीकडे ढकलले आहेत. आणि शेवटी कर्मचारी: झिंगलेल्या माणसाला ते पुढचा पेग नाकारतात की बिल वाढवतात, हे अर्ध्या तासात कळतं.

मला नाचता येत नाही. मग जाऊन काय करू?

पबमधल्या नाचाला पाच मिनिटांत शिकता येईल एवढंच लागतं. जवळजवळ सगळं क्लब संगीत चार मात्रांच्या ठेक्यात असतं. प्रत्येक ठोक्याला वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्या, गुडघे सैल ठेवा, टाचा किंचित उचललेल्या. एवढं जमलं की उजवा पाय बाजूला, डावा त्याला आणून टेकवा. मग डावा बाजूला, उजवा टेकवा. हात कमरेच्या थोडे वर, स्वतःहून हलतील तेवढे हलू द्या. नवशिक्यांची गफलत बहुधा एकच असते: प्रत्येक ठोक्याला काहीतरी मोठं करायला जातात, दम लागतो आणि ठेका सुटतो. १२४ बीपीएम झेपत नसेल तर दर दोन ठोक्यांना एक हालचाल करा, ती तालातच दिसते.

आणखी एक गुपित. या संगीतात बदल बहुधा ३२ ठोक्यांनी होतात, १२८ बीपीएमला बरोबर १५ सेकंदांनी. आठ-आठचे चार गट मनात मोजा. चौथा गट संपताना काहीतरी येणार किंवा जाणार: बास पडेल, टाळी सुरू होईल, गायन थांबेल. त्या क्षणी हालचाल बदललीत की बघणाऱ्याला वाटतं, हे गाणं तुम्हाला पाठ आहे.

भिंतीजवळ उभं राहून धीर गोळा करण्यापेक्षा फ्लोअर अर्धा भरलेला असतानाच उतरा. रिकाम्या फ्लोअरवर सगळ्यांची नजर असते आणि खच्चून भरलेल्यावर शिकायला जागा नसते.

डीजेला गाण्याची फर्माईश कशी करावी?

तो हेडफोन एका कानाला लावून वाकलेला असेल तेव्हा नाही. त्या वेळी तो पुढचं गाणं जुळवतोय. हेडफोन गळ्यात आला की जा, गाण्याचं आणि गायकाचं नाव फोनवर मोठ्या अक्षरात लिहून दाखवा, आणि मागे या. १२६ बीपीएमवर फ्लोअर पेटलेला असताना ९० बीपीएमचं गाणं लावलं तर फ्लोअर रिकामा होतो, म्हणून ‘आत्ता लाव’ चालत नाही. सुरुवातीच्या किंवा शेवटच्या तासात फर्माईश मान्य होण्याची शक्यता जास्त. त्याच्या कन्सोलवर, म्हणजे गाणी जुळवायच्या यंत्रावर, ग्लास ठेवू नका.

एका ग्लासात नेमकी किती दारू असते?

पेयाचे मिलिलिटर गुणिले अल्कोहोलची टक्केवारी, गुणिले ०.७९, भागिले १००. उत्तर शुद्ध अल्कोहोलच्या ग्रॅममध्ये. ३३० मिली ५ टक्के बिअरमध्ये १३ ग्रॅम, ५०० मिली ८ टक्के बिअरमध्ये जवळपास ३२ ग्रॅम. ४० टक्क्यांच्या मद्याचा ३० मिलीचा शॉट साडेनऊ ग्रॅम, ६० मिलीचा पेग १९. १२ टक्क्यांची १५० मिली वाइन १४. पाच मद्यं प्रत्येकी १५ मिली घालून केलेलं उंच ग्लासातलं कॉकटेल सुमारे २४ ग्रॅमपर्यंत जातं आणि लागतं सरबतासारखं, म्हणून तेच सर्वांत जास्त फसवतं.

यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम निपटतं, काहींचं कमी. हा वेग कशानेच वाढत नाही: कॉफीने नाही, थंड पाण्याने नाही, नाचून घाम गाळून नाही, उलटी करून तर नाहीच. म्हणजे ज्याला शेवटपर्यंत नाचायचं आहे त्याला तासाला एका छोट्या बिअरपेक्षा जास्त परवडत नाही, आणि तेवढ्यानेही थोडं साठत जातंच. वजन कमी असेल तर चढतं लवकर. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण सरासरीने कमी असल्याने त्याच वजनाच्या पुरुषापेक्षा रक्तातली पातळी जास्त होते.

तीन शॉट मारले तरी काहीच वाटलं नाही, आणि मग एकदम गेलो. असं का होतं?

दारूची रक्तातली पातळी शिखरावर पोहोचायला शेवटच्या घोटानंतर अर्धा ते दीड तास लागू शकतो. वीस मिनिटांत तीन शॉट घेऊन ‘काहीच झालं नाही’ म्हणून चौथा-पाचवा मागवणारा माणूस खरं तर पहिल्याच शॉटची वाट बघत असतो. पोट भरलेलं असेल तर दारू जठरातून पुढे हळू सरकते आणि शिखर बसकं होतं, म्हणून जाण्यापूर्वी तास-दीड तास आधी पोळी, भात, डाळ, अंडी असं भरीव जेवण हवं. पोहोचल्यावर मागवलेला चखणा पुरत नाही. एनर्जी ड्रिंकमध्ये मिसळून घेतलेली दारू तेवढीच चढते, फक्त कॅफीनमुळे झोप येत नाही आणि आपण ठीक आहोत असा भास होतो.

आळीपाळीने सगळ्यांसाठी मागवायची पद्धतही घात करते. सहा जणांत ती सुरू झाली की प्रत्येकाला सहा ग्लास ठरूनच गेले, तेही सर्वांत भराभर पिणाऱ्याच्या वेगाने. ज्याने त्याने आपलं मागवावं.

दारू पीत नसेन तर पबमध्ये अवघडल्यासारखं होईल का?

फ्लोअरवर कोणाच्या ग्लासात काय आहे हे कोणी बघत नाही. पहिली ऑर्डर स्वतः, सर्वांच्या आधी द्या. सोडा आणि लिंबाची फोड घातलेला ग्लास हातात असला की आग्रह करणारे गप्प बसतात. शेवटच्या तासाला सर्वांत छान नाचणारे बहुतेक वेळा हेच लोक असतात.

औषधं चालू आहेत. थोडी घेतली तर चालेल?

झोपेची, चिंतेवरची किंवा फिट्सची औषधं, तीव्र वेदनाशामकं आणि सर्दीवरच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या यांच्याबरोबर दारू अजिबात नको. दोन्ही मिळून श्वास मंदावू शकतो. मेट्रोनिडॅझोल हे अँटिबायोटिक चालू असेल तर कोर्स संपल्यावरही निदान दोन-तीन दिवस टाळायला सांगतात. भरपूर प्यायल्यावर पॅरासिटामॉलने यकृतावर ताण येतो आणि आयबुप्रोफेनने जठराला त्रास होतो. गोळीचं पाकीट वाचा, फार्मासिस्टला विचारा.

दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी वाजते. चिंता करावी का?

करावी. तो कानाच्या आतल्या केसपेशींवर ताण आल्याचा इशारा आहे, आणि त्या पेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कामाच्या ठिकाणी वापरला जाणारा एक दंडक असा: ८५ डेसिबलला आठ तास, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. त्या हिशेबाने ९१ ला दोन तास, ९७ ला अर्धा तास, १०० ला पंधरा मिनिटं. नाचाच्या फ्लोअरवर १०० डेसिबल ही नेहमीची गोष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा ठिकाणांसाठी काढलेल्या मानकातही पंधरा मिनिटांची सरासरी १०० च्या वर जाऊ नये, शांत जागा असावी आणि इअरप्लग मिळावेत, असं म्हटलं आहे.

फिल्टर असलेले संगीतासाठीचे इअरप्लग १५ ते २० डेसिबल कमी करतात, पण सगळे स्वर सारख्या प्रमाणात, त्यामुळे गाणं गढूळ होत नाही. फोमचे जास्त अडवतात, पण वरचे स्वर खातात. नसण्यापेक्षा कितीतरी बरे. ते नीट बसवणं महत्त्वाचं. कोरड्या बोटांनी प्लग वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर-मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत २० ते ३० सेकंद बोटाने दाबून धरा. नुसता कानाच्या तोंडाशी ठेवलेला प्लग जवळपास काहीच करत नाही. स्पीकरच्या समोर उभे राहू नका आणि दर तासाला दहा मिनिटं शांत जागी जा. शिट्टी दोन दिवसांत थांबली नाही, किंवा एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागलं, तर त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जा.

चमकणाऱ्या दिव्यांचा त्रास होतो. काय करू?

प्रकाशामुळे फिट येणाऱ्यांना सेकंदाला ३ ते ३० वेळा चमकणारा दिवा धोक्याचा ठरू शकतो. अपस्मार असलेल्या शंभरातल्या साधारण तिघांना हा प्रकार असतो. फ्लॅश सुरू होताच एक डोळा तळहाताने पूर्ण झाका आणि तोंड दुसरीकडे वळवा. नुसते डोळे मिटणं पुरत नाही, पापण्यांतून उजेड जातोच. झोप झालेली नसणं आणि दारू दोन्हींनी धोका वाढतो. दारातच विचारा, स्ट्रोब (भराभर चमकणारे दिवे) वापरणार असतील तर तशी सूचना लावणं पबचं काम आहे.

किती पाणी प्यावं?

दारूच्या प्रत्येक ग्लासामागे पाण्याचा एक, आणि सलग नाचत असाल तर तासाला साधारण अर्धा लिटर, घोटाघोटाने. एका दमात दोन-तीन लिटर ढोसू नका. रक्तातलं सोडियम उतरून डोकेदुखी, मळमळ आणि गोंधळ होऊ शकतो. अंग तापलंय पण घाम थांबलाय आणि माणूस असंबद्ध बोलतोय, तर ताबडतोब बाहेर हवेत न्या, मानेला-काखेत गार पाणी लावा आणि रुग्णवाहिका बोलवा.

कोणाबरोबर नाचायचं असेल तर कसं विचारावं? नको असेल तर?

समोरून या, नजरानजर होऊ द्या, हाताने ‘नाचूया?’ अशी खूण करा, एक हात अंतर ठेवा. मागून येऊन कमरेला हात लावणं हे विचारणं नव्हे. तोंड फिरवलं, पाऊल मागे घेतलं किंवा मैत्रिणीकडे सरकली की उत्तर मिळालं. दुसऱ्यांदा विचारू नये. पाय लटपटणाऱ्या माणसाचा होकार धरू नये.

नको असेल तर ‘नाही’ म्हणा आणि जागा बदला. कारण देण्याची गरज नाही. त्याने पाठ सोडली नाही तर बारवर जाऊन सरळ सांगा. ब्रिटनमध्ये २०१६ पासून ‘अँजेला आहे का?’ असं बारवर विचारलं की कर्मचाऱ्यांना मदत हवी आहे हे कळतं. अशा सांकेतिक शब्दांची सूचना बऱ्याचदा स्वच्छतागृहात लावलेली असते.

ग्लासात काही मिसळलंय असं वाटलं तर?

लक्षणं अशी: प्रमाणाबाहेर गुंगी, जीभ जड होणं, पाय न उचलणं, मधलं काही न आठवणं. सर्वांत जास्त वेळा मिसळली जाते ती जास्तीची दारूच, म्हणून रंग-चवीवर भरवसा ठेवू नका. ठेवून गेलेला ग्लास पुन्हा उचलू नका. शंका आली तर लगेच जोडीदाराला आणि कर्मचाऱ्याला सांगा, एकटे स्वच्छतागृहात जाऊ नका, अनोळखी ‘मदतनिसा’बरोबर बाहेर पडू नका. तपासणी जितकी लवकर तितकी बरी: काही द्रव्यं लघवीतून १२ तासांत नाहीशी होतात, बरीचशी ७२ तासांपर्यंत.

मित्र उठतच नाही. झोपू द्यावं का?

नाही. प्यायलेली दारू रक्तात उतरणं झोपेतही चालू राहतं. हाक मारून, खांद्याला जोरात हलवून उठत नसेल, श्वास मिनिटाला आठापेक्षा कमी किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त खंड, ओठ-नखं निळसर, अंग गार — यांतलं एकही दिसलं तर रुग्णवाहिका. तोवर त्याला कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे दुमडा, डोकं किंचित मागे, तोंड जमिनीकडे, म्हणजे उलटी झाली तर श्वासनलिकेत जाणार नाही. पाणी, कॉफी, आंबट काहीही पाजू नका, घशात बोटं घालू नका, एक क्षणही एकटा सोडू नका. काय आणि किती घेतलं हे डॉक्टरांना खरं सांगा.

आग किंवा चेंगराचेंगरी झाली तर?

२७ जानेवारी २०१३ रोजी ब्राझीलमधल्या सांता मारिया शहरातल्या किस नाइटक्लबमध्ये विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची पार्टी होती. मंचावरच्या शोभेच्या दारूने छताचा फोम पेटला आणि २४२ जण गेले, बहुतेक धुराने. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये २००३ साली द स्टेशन या क्लबमध्ये तसंच घडलं, १०० बळी. तिथे बरेच जण ज्या दाराने आत आले त्याच दाराकडे धावले आणि तिथे अडकले. म्हणून आत गेल्यावर दुसरा दरवाजा शोधा आणि तिथपर्यंतची वाट एकदा चालून बघा. आत आतषबाजी पेटवलेली दिसली तर बाहेर पडा, व्हिडिओ काढत थांबू नका. धूर दिसला की कोट-पिशवी-बिल सगळं सोडून, खाली वाकून, जवळच्या दाराने.

गर्दी दाबायला लागली तर हात छातीसमोर मुठी वळून धरा, म्हणजे फासळ्यांना श्वासापुरती जागा राहते. लोंढ्याविरुद्ध ढकलू नका. तो थांबला की तिरके सरकत कडेला या. पडलात आणि उठता येत नसेल तर कुशीवर वळा, गुडघे पोटाशी, हात डोक्यावर.

बिल कसं वाटायचं?

प्रत्येक फेरीला आपापलं चुकतं करणं सर्वांत स्वच्छ. एकच खातं उघडलं असेल तर एकाने फोनवर वेळेसह नोंद ठेवावी, आणि शेवटच्या ऑर्डरची घोषणा होण्याच्या अर्धा तास आधी बिल मागवावं. नंतर बारवर झुंबड उडते आणि चुका तिथेच होतात. न पिणाऱ्याकडून सारखा वाटा घेऊ नका. कार्ड बारवर ठेवून नाचायला जाऊ नका.

परत जाताना गाडी कधी चालवता येईल?

प्यायलेल्याने त्या रात्री नाहीच, दुचाकीही नाही. सकाळचाही हिशेब करा. छोट्या पाच बिअर म्हणजे ६५ ग्रॅम. तासाला ८ ग्रॅमने आठ तासांहून जास्त. रात्री १० ला सुरू करून १ ला थांबलेल्याच्या रक्तात सकाळी सहाला अजून दारू असू शकते, आणि त्यावर झोप अर्धवट. पबच्या दाराबाहेर उभं राहून टॅक्सी शोधू नका; आतूनच मागवा आणि गाडी आल्यावर बाहेर या, नंबर जुळवा, आणि घरी पोहोचल्याचा निरोप ग्रुपवर टाका. निरोप आला नाही तर जोडीदाराने फोन करायचा.

काही विसरलं तर?

क्लोकरूमच्या बिल्ल्याचा फोटो आत जातानाच काढून ठेवा. फोन हरवला तर आधी तो दूरवरून लॉक करा, मग पबला दुपारनंतर विचारा. सफाई तेव्हा झालेली असते. ओळखपत्र परत घेताना दुसरं एखादं कार्ड सोबत न्यावं लागतं.